गडवाभर पाण्याचा करंट

चार्जर न आणता नुसता लॅपटॉप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी बसा म्हणत नाही. लोकांना तो उद्धटपणा वाटतो. वाटू दे. पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि पोट घरी ठेवून यायचं, असा तो प्रकार आहे. लाखांदूरकडचे एक गुरुजी दोन एसट्या बदलून भर उन्हात माझ्या दुकानात आले होते. लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणाले. चार्जर कुठे, तर घरी. "चार्जर तं चांगला आहे जी, म्हणून नाही आणला," हे त्यांचं उत्तर. बिघाड चार्जरमध्येच होता, हे मी न बघता सांगितलं तर त्यांना राग आला. आपल्याकडे वस्तूंचा बिघाडही लोक घरी बसून ठरवून येतात आणि मग मेकॅनिकला फक्त शिक्का मारायला बोलावतात.

मोहाडीच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग डिश, आणि आता बरीच वर्षं लॅपटॉप. या अंकाच्या संपादकांचा निरोप आला की मेश्राम, तुमच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. राइस मिलच्या मुनीमजींच्या लॅपटॉपच्या चार्जिंगच्या भोकातून मी चिमूटभर कोंडा काढला आहे. चिखल्याच्या खाणीतल्या एका बाबूने पिन नीट बसत नाही म्हणून तिला खोबरेल तेल चोपडलं होतं, त्यावर खाणीची काळी धूळ बसून तिथं काजळ पाडल्यासारखं झालं होतं. हे सगळं लिहिता येईल. पण यंदा मला गंमत सुचत नाही, राग सुचतो. तोच लिहितो. छापायचा नसेल तर खुशाल परत पाठवा.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लॅपटॉप चार्ज होत नाही म्हटलं की लोकांच्या मनात थेट बोर्ड येतो, आणि नव्या दुकानदारांच्या मनातही तोच येतो, कारण त्यात कमाई आहे. मी भिंतीपासून सुरू करतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये करंट आहे का? चार्जरच्या काळ्या ठोकळ्यावरचा दिवा लागतो का? वायर कुठं आतल्या आत तुटली आहे का? पिन ज्या भोकात जाते ते भोक ढिलं झालं का? मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. दहातली निम्मी दुखणी बोर्डापर्यंत पोचतच नाहीत. पण एक अडचण आहे. गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येतं, चार्जर घेऊन येतं, भिंत घेऊन येत नाही.

प्रणिता माझ्याकडे पहिल्यांदा आली ती कडक उन्हाळ्यात. मोहाडीपासून थोड्या आतल्या एका गावची सून. नवरा चिखल्याला खाणीत, तिथंच कॉलनीत राहतो, सुटीला घरी येतो. घरी ही आणि सासू, दोघीच. हिला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची घरबसल्या नोकरी होती. लोकांचे फ्रिज, पाण्याची मशीनं बिघडली की ते फोन करतात, तो फोन हिच्या लॅपटॉपवर येतो, ही कानाला हेडफोन लावून तक्रार ऐकते, लिहून घेते आणि पुढे पाठवते. त्या गावात पगार घरी आणणारी ती पहिली सून. माझी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "जयभीम काका. चार्ज नाही होऊन राहिला. बोलता बोलता बंद पडते. कंपनीनं सांगतलं, अजून फोन तुटले तर आयडी बंद करू."

आयडी बंद म्हणजे नोकरी बंद.

मी चार्जर लावला. दिवा लागला, लॅपटॉप गुमान चार्ज व्हायला लागला. भोक साफ, वायर धड, बॅटरी जुनी पण चालण्यासारखी. "याला काही झालं नाही," म्हणून मी परत पाठवली. ती पुन्हा आली. पुन्हा तेच. दुकानात चार्ज होतो, घरी होत नाही. नंतर आली तेव्हा चार्जर खरोखरच जळला होता, ठोकळा उघडल्यावर आतून करपलेला वास आला. नवा दिला. तोही तापून गेला. तिने घाबरत विचारलं, "काका, लॅपटॉपच खराब असन का? आई म्हणते, ह्या मशीननं घरचा करंट खाऊन टाकला. हे लावलं की बल्ब मंद होते."

बल्ब मंद होतो म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. मी विचारलं, पावसाळ्यात कसं होतं?

"पावसाळ्यात तं मस्त चालत होता. काहीच तरास नव्हता."

लॅपटॉपला पावसाळा-उन्हाळा कळत नाही. मी मीटर पिशवीत टाकलं आणि तिला म्हणालो, चल, तुझी भिंत बघू.

घर साधंसं, दोन खोल्यांचं, स्लॅबचं. लॅपटॉपची खोली तिने नीट लावलेली, दाराला आवाज आत येऊ नये म्हणून जाड गोधडी टांगलेली. कूलर घरघरत होता. मी मीटरची दोन टोकं सॉकेटमध्ये घातली. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास आकडा हवा. तो शंभराच्याही खाली, आणि तिथंही स्थिर नाही. चार्जरचा दिवा लागायचा, विझायचा, लागायचा. असल्या उपाशी करंटवर चार्जर दिवसभर धापा टाकणार आणि जळणार नाही तर काय होणार?

मी टोकं धरून उभा होतो. काहीही हलवलं नव्हतं. आणि आकडा आपोआप चढायला लागला. कूलरचा आवाज वाढला. चार्जरचा दिवा एकदाचा लागून राहिला. आकडा चढत चढत बऱ्यापैकी वर येऊन थांबला. इतकी वर्षं मीटर हातात आहे, पण कोणी बटणाला हात न लावता असं होताना मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून प्रणिताची सासू, सेवंताबाई, आत आली. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी आणि चिखलाचे, हातात रिकामा गडवा, म्हणजे पितळेचा तांब्या. माझ्याकडे न बघता सुनेला विचारलं, "आला का वं करंट?"

मी मागच्या अंगणात गेलो. न्हाणीच्या भिंतीलगत जमिनीत एक लोखंडी सळाख ठोकलेली. तिला घरातून आलेली वायर गुंडाळलेली. सभोवती ओला चिखल, बाकी सगळं अंगण उन्हाने तडकलेलं.

ज्यांना विजेतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीज घरात एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. ही परतीची तार तुटली तर घरात अंधार झाला पाहिजे. पण आपल्याकडे अंधार होऊ देत नाहीत. जमिनीत सळाख ठोकतात आणि करंटला सांगतात, जा बाबा मातीतून. माती ओली असेल तर करंट जातो. सुकली की अडतो, बल्ब मंद होतो, कूलर रडतो, लॅपटॉप चार्ज होत नाही. मग घरातल्या बाया सळाखेला पाणी घालतात, तुळशीला घालतात तसं. आणि घराला लागणारा सगळा करंट त्याच ओल्या चिखलातून जात असतो, जिथं ती बाई अनवाणी उभी असते.

मी विचारलं, "माय, हाताला काही होते का, पाणी टाकताना?"

"झिणझिण करते थोडंसं," सेवंताबाई म्हणाली. "मातारपन हाय न भाऊ. डाक्टरनं ताकतीच्या गोळ्या देल्ल्या."

मी तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष होता? पण माणूस हाताशी असेल त्यावर ओरडतो. मरायचं आहे का, कोणी सांगितलं हे धंदे करायला, असं बरंच काही बोललो. तिने गडवा कट्ट्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "ओरडून काय होते भाऊ? पोरीची नोकरी हाय. तिले करंट पुरला पायजे. मांगं सकाळ-संध्याकाळ टाकत होती, आता ऊन वाढलं तं घडीघडी टाका लागते. ते तिकडं लोकायशी बोलून राहते, मी इकडं काय हात बांधून बसू?"

प्रणिता दारात उभी होती. गोधडीआड हेडफोन लावून ती दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकत होती, आणि मागे तिची सासू जिवावर उदार होऊन तिच्या नोकरीला पाणी घालत होती. तिचा चेहरा पाहून मला माझा ओरडण्याचा आवाज ऐकू आला आणि मी नीट विचारपूस सुरू केली.

मग हकिगत कळली. मागच्या वर्षीच्या वादळात खांबावरची परतीची तार तुटली. त्या ओळीतली चार-पाच घरं अंधारात गेली. तक्रार केली. वीज कार्यालयाचा वायरमन आला, तार नाही म्हणाला, आणि दोन दिवसांची सोय म्हणून घराघरामागे सळाख ठोकून गेला. त्या दिवशीच मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निवारण झालं. त्यांच्या लेखी निवारण होतच राहिलं.

प्रणिता खिन्न हसली. "काका, आमच्या कंपनीत बी असंच आहे. मशीन चालू दिसली का तक्रार बंद करा लागते. मी सोता कितीक बंद केल्या असतील."

मी तिला म्हणालो, ही वायर आत्ताच्या आत्ता काढावी लागेल. काढली की घरात लाइट नाही. शेजारच्या घरांतही सळाखाच, तिथून जोडून उपयोग नाही. माझ्या दुकानात बसून काम कर म्हणालो असतो, पण बाजूला पिठाची चक्की, समोर बाजार. तिच्या कंपनीला मागे कोंबडा आरवलेलासुद्धा चालत नव्हता.

तिने विचारलं, "खरं सांगा काका. कितीक धोका आहे?"

"गडवा पितळेचा, पाय उघडे, जमीन ओली. आजपर्यंत वाचल्या ते आश्चर्य आहे."

सेवंताबाई मधे पडली. "मी पिलास्टिकच्या मग्ग्यानं टाकते न. चप्पल घालून टाकते. नोकरी कायले घालवतं वं? असी नोकरी या गावात कोणाले भेटली?" ती सौदा करत होती. भाजीवाल्याशी करावा तसा, स्वतःच्या जिवाचा.

प्रणिताने ऐकलं, आत गेली, घराच्या वीजमीटरजवळचा मोठा खटका खाली पाडला आणि मला म्हणाली, "काढा." कूलर बंद पडला. मी वायर काढून तिचं टोक झाकून टाकलं. तिने कंपनीला फोन करून सांगितलं की घरी वीज नाही, चार दिवस द्या. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती "ठीक आहे, सर" एवढंच म्हणाली.

आता घरात खराखुरा अंधार होता, म्हणजे तक्रारीला आता तरी वजन येईल असं मला वाटलं. तेवढा भाबडेपणा या वयातही शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, सळाखेची वायर सुटलेली दिसली, ती त्याने पुन्हा बांधली, बल्ब लावून त्याचा फोटो काढला आणि गेला. तक्रारीचे निवारण झाले. प्रणिताने तो गेल्यावर खटका पुन्हा पाडला.

त्या वायरमनला मी बाजारात गाठलं. चांगलाच झाडणार होतो. पण आधी त्याचे उघडे हात दिसले. ठेक्यावरचं पोरगं, हातमोजे नाहीत, खिशात एक पक्कड. म्हणाला, "काका, मी काय करू? तार भेटतच नाही. साहेब म्हणते, लाइट आली का फोटो टाक." खांबावर तो स्वतः त्याच हातांनी चढत होता. माझा राग त्याच्यावरून उठला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला.

मी सेवंताबाईला घेऊन वीज कार्यालयात गेलो. साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने संगणकात पाहिलं आणि विचारलं, "सप्लाय चालू आहे ना? मग तक्रार कशाची?" मी सळाखेचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "अर्थिंगवर लाइट चालवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना तुम्हाला? मी येऊन पंचनामाच करतो." ठोकली तुमच्याच माणसाने, म्हटलं तर म्हणे पुरावा काय? मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात असा आवाज मी कधी काढला नव्हता. बाहेरचे लोक आत डोकावले. म्हटलं, "या. पंचनामा करायलाच या. पण आजच या."

तो खरंच आला, बहुतेक माझी जिरवायला. जीप, मागे तो वायरमन. गल्लीतली माणसं जमली. साहेबाने सळाख बघितली, मोबाइल काढून फोटो घेतला, खटका वर करायला लावला. आत बल्ब लागला, पिवळा, मरतुकडा. "चालू आहे की," साहेब म्हणाला.

सेवंताबाई आतून भरलेला गडवा घेऊन आली. त्याच्यासमोर धरला.

"साहेब, बूट काढा."

"कशाला?"

"मी अनवाणीच टाकत होती न. तुमी म्हणता, चालू हाय, बरोबर हाय. एकडाव टाकून दाखवा. बल्ब चांगला लागते मंग."

साहेबाने सवयीने हात पुढे केला, गडव्याला बोटं लागली, आणि त्याची नजर खाली सळाखेभोवतीच्या मातीकडे गेली. त्याने हात मागे घेतला. दोन पावलं मागे सरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आजी, तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा."

"काहून? रोज तं इथंच उभी राहते मी."

साहेबाने खटका पाडायला सांगितलं आणि मान न वळवता वायरमनला म्हणाला, "चढ. जोड." लाइन बंद करून ते पोरगं खांबावर चढलं. जोडायला लागणारी तार जीपमध्येच मागे पडून होती. खाली उभ्या लोकांनी चहा मागवला, तो संपायच्या आत काम झालं होतं. त्या ओळीतल्या सगळ्या घरांची परतीची तार जुळली. मी मीटर लावलं. आकडा दोनशे तीसच्या जवळ, ठाम.

साहेबाला ठाऊक होतं. मला आजही जे गिळता येत नाही ते हे. त्याला ठाऊक नसतं तर मी त्याला समजावून सांगितलं असतं, तेच तर माझं काम आहे. पण त्या मातीत काय आहे ते तो पहिल्यापासून जाणत होता. फक्त त्यात स्वतःचा पाय पडायची वेळ येईपर्यंत ते त्याला तक्रार वाटत नव्हतं. मोबाइलवर निवारणाचे संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेकदा तो गडवा द्यावा, असं मला फार वाटतं. वाटून काय होतं म्हणा.

प्रणिताची आयडी साहेब यायच्या आदल्या दिवशीच बंद झाली होती. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. मीही तिला उशिरा विचारलं, तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या न काका. आईच्या हाताची झिणझिण गेली."

पावसाळ्यात धानाचे रोवणे (भाताची लावणी) सुरू झाले तेव्हा ती दुकानात आली. पायाच्या नखांत चिखल होता. मजुरीने रोवायला जात होती. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि विकून द्या म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, दुसरी नोकरी लागेल. "लागली तं तवा पाहू," म्हणाली. मी उगीच लॅपटॉप उघडला, बंद केला. घेणाऱ्याने विचारलं तर काय सांगू, हे धंद्याच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं.

ती सरळ उभी राहिली आणि फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची त्या आवाजात, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत, मला म्हणाली, "लॅपटॉप व्यवस्थित आहे, सर. चार्जिंगची आता कोणतीही अडचण नाही."